कडेवर कोरलेले नाव

आमच्या घरच्या लाकडी पेटीत दोन पिढ्यांची सैन्यपदके ठेवलेली आहेत. आजोबांच्या ‘जनरल सर्व्हिस मेडल १९४७’ वर उभी भवानी तलवार आणि तिच्याभोवतीचे तेजोवलय आहे. स्वित्झर्लंडच्या माहेरातून येऊन खानोलकरांच्या घरात मराठी झालेल्या सावित्रीबाईंनी परमवीर चक्राप्रमाणे हे पदकही रेखाटले, हे कळल्यापासून ते मला अधिकच आपले वाटते. रिबनवर ‘गोवा १९६१’ अशी धातूची पट्टी आहे. सैन्यात तिला क्लास्प म्हणतात. जम्मू-काश्मीर, नागा टेकड्या, १९६२ चे लडाख आणि नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) यांसाठीही हेच पदक दिले गेले, त्यामुळे जवान कुठे होता हे पट्टी वाचल्याशिवाय कळत नाही. पदकाच्या कडेवर आजोबांचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले आहे.

वडिलांच्या पदकांची कड मात्र कोरी आहे.

कारगिलच्या काळासाठी दोन पदके निघाली. प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात असलेल्यांना ‘ऑपरेशन विजय स्टार’ आणि त्या मोहिमेसाठी इतरत्र तैनात झालेल्यांना ‘ऑपरेशन विजय मेडल’. वडिलांना दुसरे मंजूर झाले. त्यानंतर संसदेवरील हल्ल्यामुळे डिसेंबर २००१ मध्ये सैन्य सीमेवर गेले आणि महिनोन्‌महिने तिथेच राहिले. युद्ध झाले नाही, पण त्या तैनातीचे ‘ऑपरेशन पराक्रम मेडल’ आहे. शिवाय ९,००० फुटांवरील सेवेचे उच्च तुंगता पदक, आणि नऊ व वीस वर्षांच्या सेवेची पदके. गावात कुणी विचारले की ही शौर्यपदके नाहीत असे वडील सांगतात, आणि ऐकणाऱ्याचा उत्साह ओसरलेला मला दरवेळी दिसतो. मला हे मनापासून खटकते. शौर्यपदक एका कृतीचे असते. ही पदके माणूस बोलावले तेव्हा गेला आणि सांगितले तितके दिवस राहिला, याची नोंद आहेत, आणि अशा राहणाऱ्यांच्याच बळावर सीमा टिकते.

रोजच्या गणवेशावर डाव्या छातीवर फक्त रिबनच्या रांगा लावतात, आणि समारंभाच्या गणवेशावर पूर्ण पदके. क्रम ठरलेला असतो: सर्वांत मानाचे पदक छातीच्या मध्याकडे आणि बाकीची त्यापुढे. पदक मंजूर झाल्याची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे सैनिकाच्या सेवेच्या नोंदींसाठी निघणाऱ्या अधिकृत आदेशात होते. रिबन लागते, पण मूळ पदक अनेकदा वेळेवर येत नाही. परेड तर थांबत नाही. मग जवान छावणीच्या बाजारातील दुकानात जाऊन नक्कल विकत घेतो. वडिलांनीही तसेच केले, आणि त्यांच्या तुकडीतील बहुतेकांनी केले. दुकानातल्या पदकावर कुणाचेच नाव नसते.

शौर्यपदकाचा मानकरी निवडावा लागतो, शिफारशी तपासाव्या लागतात, तेव्हा तिथे वेळ लागणे मी समजू शकतो. मोहिमेच्या पदकाचा हक्क मात्र ठरलेल्या भागात ठरलेले दिवस भरले की सिद्ध होतो आणि त्याची नोंद सरकारच्याच कागदांत असते. म्हणून ते माणूस गणवेशात असतानाच त्याच्या हाती पडले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. निवृत्तीनंतर वीस वर्षांनी टपालाने आलेले पदक तो कोणत्या परेडला लावणार?

दिवंगत सैनिकाची पदके त्याचे वारस उजव्या छातीवर लावतात. आजोबांचे पदक मी गेल्या वर्षी जिल्ह्याच्या युद्धस्मारकावर तसे लावले होते. शेजारी वडील उभे होते, बाजारातून आणलेली पदके डाव्या बाजूला लावून. घरी परतल्यावर त्यांनी स्वतःची सेवापुस्तिका शोधून काढली, आम्ही पार्ट टू ऑर्डरच्या प्रती जोडल्या आणि मूळ पदकांसाठीचा तिसरा अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवला. पोचपावती आली आहे.