केअर सेंटर बघायला जाल तेव्हा आधी विचारा, रात्री माणसं किती असतात?

हिरवळ, देवघर, गणपतीतले फोटो, टीव्हीचा हॉल. ज्येष्ठांचं केअर सेंटर बघायला गेलं की हे सगळं हौसेनं दाखवतात आणि आपण तेवढं बघून समाधानानं परत येतो. शुश्रूषा कशी होते ते यातल्या कशावरूनही कळत नाही. ज्यांना स्वतःची कूस बदलता येत नाही, घास भरवावा लागतो, डायपर दुसऱ्यानं बदलावा लागतो, त्यांच्यासाठी खरा प्रश्न एकच : हे करायला हात किती आहेत? आणि तेही रात्री १० ते सकाळी ६ या वेळात.

हिशोब मांडून बघा. एका मजल्यावर अंथरुणाला खिळलेले १० जण आहेत. दर २ तासांनी कूस बदलायची, म्हणजे त्या ८ तासांत ४ फेऱ्या. डायपर तपासणं, ओला असेल तर पुसून, कोरडं करून बदलणं, कुशीवर वळवून पाठीशी उशी लावणं, टाचा गादीला टेकणार नाहीत असं पोटरीखाली काही ठेवणं. नीट केलं तर माणशी १० मिनिटं जातात. एक फेरी १०० मिनिटांची. एकच मावशी असेल तर २० मिनिटं टेकायला मिळतात की लगेच पुढची फेरी. त्यातून ६५-७० किलोच्या माणसाला एकटीनं ओढायचं, तर कमरेखालची कातडी चादरीवर घासून सोलवटते आणि मावशीची कंबर जाते ती वेगळीच. थोडक्यात, एकटीच्या भरवशावर हे काम होत नाही. मग रात्री १० ला एकावर एक दोन डायपर चढवले जातात आणि सकाळी ६ ला काढले जातात. यात मावशीचा दोष नाही. १० जणांवर एकटीला ठेवणाऱ्याचा आहे.

"आमच्याकडे ३० जणांना १५ कर्मचारी आहेत," असं सांगितलं की ऐकायला छान वाटतं. त्यातून स्वयंपाकी, सफाईवाले, ऑफिसातली व्यक्ती आणि ड्रायव्हर वजा करा. उरलेले दोन पाळ्यांत वाटा. साप्ताहिक सुट्ट्या काढा. रात्रीच्या वाट्याला दोघं-तिघं येतात. म्हणून एकूण आकडा ऐकून घेऊ नका, या आठवड्याचा ड्युटी चार्ट मागा. त्यावर नावं असतात. सिस्टर म्हणून ज्यांची ओळख करून देतात त्या एएनएम आहेत की जीएनएम (नर्सिंगचे दोन वेगवेगळे अभ्यासक्रम, जीएनएम त्यातला मोठा), महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का, हेही विचारा. गणवेश घातला म्हणजे नर्स झाली असं नसतं. इन्सुलिन देणं, नळीतून भरवणं, जखमेचं ड्रेसिंग ही कामं कोणाची आणि प्रत्यक्षात करतं कोण, यातला फरक इथेच कळतो. मावशी-मामा सरासरी किती दिवस टिकतात, हेही विचारून घ्या. दर महिन्याला ब्युरोकडून, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या संस्थेकडून, नवी माणसं येत असतील, तर आजोबांना डावीकडून ऐकू येत नाही हे कोणाच्याच लक्षात राहणार नाही.

आता कातडी. बेडसोअर, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्यानं दाबाखाली होणारी जखम, हा शुश्रूषेचा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार आहे. माकडहाड, टाचा, खुब्याचं हाड, घोटे, कोपरं, कानामागं आणि डोक्याची मागची बाजू या जागा बघायच्या. सुरुवात लालसर डागानं होते. बोटानं दाबून सोडल्यावर डाग फिका पडला नाही, तर तो बेडसोअरचा पहिला टप्पा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून आजूबाजूपेक्षा ती जागा काळपट, गरम किंवा टणक लागते का, ते हात लावून बघावं लागतं. या टप्प्यावर दाब काढला की काही दिवसांत ठीक होतं. दुर्लक्ष झालं की कातडी फुटते, आणि नंतर हाडापर्यंत गेलेली जखम भरायला महिने लागतात.

इथे तीन चुका सर्रास दिसतात. एक, "एअर बेड आहे ना," म्हणून कूस बदलायची थांबवणं. एअर बेड दाब कमी करतो, कूस बदलण्याची जागा घेत नाही. शिवाय पंपाचं बटण माणसाच्या वजनाप्रमाणे लावायचं असतं. अनेक ठिकाणी ते 'फुल'वर असतं आणि गादी फळीसारखी कडक झालेली असते. दुसरी, टायरसारख्या गोल रिंगवर बसवणं. तिच्या कडेनं रक्तपुरवठा उलट अडतो. तिसरी, हाडावरची लाल झालेली कातडी तेलानं चोळणं. मायेनं करतात, पण आतल्या नाजूक झालेल्या पेशी त्यानं आणखी दुखावतात. कूस बदलल्याची नोंद खाटेजवळ असते का ते बघा. २४ तासांच्या सगळ्या रकान्यांत एकाच पेनानं, एकाच हाताच्या सह्या असतील, तर ती वही सकाळी एका बैठकीत भरलेली आहे.

मुलं परदेशात असतील तर व्हिडिओ कॉलवर चेहरा बघून समाधान मानू नका. पावलावरचं पांघरूण काढून टाचा दाखवायला सांगा. तोंड उघडायला सांगून जीभ बघा. कोरडी, भेगाळलेली किंवा पांढरा थर आलेली जीभ म्हणजे पाणी आणि तोंडाची स्वच्छता दोन्ही मागे पडलंय. नखं, चष्म्याच्या काचा, कानातलं यंत्र चालू आहे का, कवळी तोंडात आहे की डबीत, एवढं दोन मिनिटांत दिसतं.

जेवणाच्या बाबतीत मेनूपेक्षा वेळ बघा. पूर्ण भरवावं लागतं अशा माणसाचं एक जेवण ३० ते ४० मिनिटांचं असतं. एका मावशीकडे असे सहा जण दिले तर एका जेवणाला ३ ते ४ तास लागतील, म्हणजे प्रत्यक्षात प्रत्येकाला १० मिनिटांत घशाखाली ढकललं जातंय किंवा ताट अर्धं परत जातंय. भरवताना माणूस सरळ बसलेला हवा आणि नंतरही अर्धा तास. पक्षाघात किंवा पार्किन्सन असेल तर घट्ट पेजेपेक्षा पाणी आणि चहा जास्त धोक्याचे, कारण पातळ पदार्थ चटकन श्वासनलिकेत उतरतो. पाणी पिताना खोकला येणं, जेवल्यावर आवाज ओलसर, घरघरता होणं, ही खूण आहे. नाकातून नळी असेल तर डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर उचललेली पाहिजे. सपाट झोपवून नळीतून भरवताना दिसले, तर त्या जागेबद्दल आणखी काही तपासायची गरज नाही.

आणि वजन. दर महिन्याला वजन होतं का? एका महिन्यात ५ टक्के किंवा ६ महिन्यांत १० टक्के घट म्हणजे डॉक्टरांनी बघायची गोष्ट. ५० किलोच्या आजी पुढच्या महिन्यात ४७.५ किलो भरल्या, तर "वयामुळे खात नाहीत" हे उत्तर पुरत नाही. उभं राहता येत नाही म्हणून वजनच करत नाही, असं म्हणाले तर दंडाचा घेर टेपनं मोजायला सांगा. तेवढं तर होतंच.

औषधांच्या तक्त्यात प्रत्येक डोसापुढे वेळ आणि सही असते. दुपारी जाऊन रात्रीच्या डोसाचा रकाना बघा. सही आधीच झालेली असेल तर तो तक्ता निरुपयोगी. फ्रिज उघडून दाखवायला सांगा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात, प्रत्येकाचं पेन वेगळं, त्यावर नाव आणि उघडल्याची तारीख. बहुतेक पेनं उघडल्यावर २८ दिवसांनी टाकून द्यायची असतात. साखर तपासायचं टोचणीयंत्र सगळ्यांना एकच असेल तर कावीळ ब पसरू शकते.

"आमच्याकडे सगळे शांत असतात," हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. सकाळी ११ ला हॉलमधले निम्मे लोक मान टाकून झोपलेले असतील तर कोणाला कोणतं झोपेचं किंवा मनोविकाराचं औषध चालू आहे, कोणत्या डॉक्टरांनी कधी लिहिलं, याचा पुन्हा विचार शेवटचा कधी झाला, ते विचारा. डिमेन्शियाच्या ज्येष्ठांमध्ये क्वेटियापिनसारख्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्येच वेष्टनपत्रकावर छापायला लावला. कधी कधी ती लागतात, आणि आपल्या मनानं एकदम बंद करायची नसतात. पण रात्री माणसं कमी आहेत म्हणून द्यायची नसतात. लघवीच्या नळीचंही तसंच. डायपर बदलायला हात नाहीत हे नळी घालायचं कारण होऊ शकत नाही. जितके दिवस नळी, तितका जंतुसंसर्गाचा धोका जास्त. ज्यांना ती खरोखर लागते त्यांची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगलेली हवी आणि फरशीला टेकता कामा नये.

मनगटं बघा. ओढणीनं किंवा बँडेजनं खाटेला बांधल्याचे वळ लपत नाहीत. "पडू नयेत म्हणून बांधतो," असं सांगतात. बांधलेला माणूस सुटायच्या धडपडीत जास्त वाईट पडतो, आणि खाटेचे कठडे लावले तर त्यावरून चढून आणखी उंचावरून. पडणं कमी करायला रात्रीचा मंद दिवा, बाथरूममध्ये धरायच्या दांड्या, कोरडी फरशी, हाताशी बेल आणि ठरावीक वेळी स्वतःहून बाथरूमला नेणं लागतं. म्हणजे पुन्हा हातच. पडल्याची नोंदवही मागा. ३० ज्येष्ठांच्या जागेत वर्षभरात एकही नोंद नसेल, तर नोंद होत नाही असाच अर्थ घ्या.

ऑक्सिजन सिलिंडर कोपऱ्यात उभा असतो. त्याचा काटा बघा, चावी कुठे आहे विचारा. बी टाइप सिलिंडरमध्ये भरलेला असताना साधारण १५०० लिटर वायू असतो. मिनिटाला ५ लिटर लावला तर ५ तास पुरतो. घशातला कफ ओढून काढणारं सक्शन मशीन चालू करून दाखवायला सांगा. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, ते डोळ्यांनी बघा. रात्री २ वाजता १०८ ला फोन कोण करणार, सोबत कोण जाणार, हे ठरलेलं असलं पाहिजे.

कागदांबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रातला नर्सिंग होम नोंदणीचा कायदा १९४९ चा. त्याच्या व्याख्येत आजारी आणि जखमींबरोबर दुर्बल माणसांना ठेवून उपचार व शुश्रूषा करणारी जागाही येते. २०२१ च्या सुधारित नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्क सनद दर्शनी भागात लावणं आलं. नुसती ट्रस्टची नोंदणी दाखवून "आम्ही मेडिकल केअर देतो" म्हणत असतील, तर कोणत्या नोंदणीखाली, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. करारात डायपर, औषधं, फिजिओथेरपी वेगळी का, हॉस्पिटलात हलवलं तर त्या दिवसांचे पैसे लागतात का, आणि मृत्यू झाल्यास किंवा मध्येच सोडल्यास अनामत किती दिवसांत परत, एवढं लिहून घ्या. छळ किंवा हेळसांड दिसली तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे, सकाळी ८ ते रात्री ८.

जायचं कधी? पहिल्यांदा वेळ घेऊन जा, दुसऱ्यांदा न सांगता, रविवारी संध्याकाळी ७ च्या सुमारास. जेवण आणि पाळीबदल दोन्ही दिसतात. एका खोलीत वास आला तर आत्ता कोणाचा तरी डायपर बदलायचाय. जिन्यापासून वास येत असेल, किंवा फिनाइलनं डोळे चुरचुरत असतील, तर गोष्ट वेगळी. आणि नातेवाइकांना दुपारी ४ ते ५ याच वेळेत येऊ देतात, खोलीपर्यंत जाऊ देत नाहीत, तिथे ठेवू नका.

सगळं पटून ठेवायचं ठरलं, तर पहिल्या दिवशी सिस्टरसमोर वजन करून घ्या, पाठ, कंबर आणि टाचा यांचे तारखेसह फोटो काढा, आणि त्यांच्याच फाइलमध्ये "दाखल होताना बेडसोअर नाही" किंवा असेल तर कुठे, किती सेंटिमीटर, असं लिहून त्यांची सही घ्या. पुढच्या भेटीला टेप बरोबर न्या.