मोठी जागा की निकडीची जागा? : निपाणीकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

निपाणीकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. गो या काळ्या-पांढऱ्या खड्यांच्या, जागा घेरायच्या पटावरच्या खेळाबद्दल मागच्या लेखात मी 'समोरच्याच्या प्रत्येक चालीला उत्तर देत बसू नका, पटावरची मोठी जागा शोधा' असं लिहिलं. तुम्ही ते ऐकलंत, आणि डाव घालवून बसलात. वर विचारलंत, "मोठी म्हणजे किती मोठी? मोजायची कशी? का नुसतं लिहायचं म्हणून लिहिलंय?" राग रास्त आहे. वाक्य अर्धं लिहिलं गेलं ही माझी चूक.

तुम्ही पाठवलेला डाव मी पटावर मांडून बघितला. (आमचा पट म्हणजे शहापुरातल्या सुताराकडून आखून घेतलेली प्लायवूडची फळी. खडे मिळाले नाहीत म्हणून खडेबाजारातून शर्टाच्या काळ्या-पांढऱ्या गुंड्या आणल्या. चालतंय.) 32व्या चालीला पांढऱ्यानं उजवीकडच्या तुमच्या तीन काळ्या खड्यांच्या डोक्यावर खडा ठेवला. तुम्ही 33वी चाल पार डाव्या वरच्या कोपऱ्यात खेळलात. जागा मोठी होती, वाद नाही. पण 34व्या चालीला पांढरा खालून सरकला आणि त्या तिघांची दोन डोळे (गटाच्या आत वेगवेगळी दोन रिकामी घरं, ती असली की गट मरत नाही) करायची सोय गेली.

तुम्ही लिहिलंय, "तीन खड्यांसाठी एवढं काय?" तिथंच घोळ झालाय. तीन खडे गेले असते तर परवडलं असतं. तुम्ही ते सोडले नाहीत, मधे पळवत सुटलात. पळणाऱ्याच्या मागं लागता लागता पांढऱ्यानं खालच्या बाजूला भिंत बांधली, तीही तुमच्याच खर्चानं. 60व्या चालीला तुमचे खडे जिवंत, पण खालची सगळी बाजू त्याची. दुबळा गट मरतो म्हणून महाग पडत नाही, त्याला जगवायला लागतं म्हणून पडतो.

तुम्ही तंबाखूवाले, म्हणून विचारतो: शेंडे खुडायला आलेत आणि तुम्ही दुसऱ्या रानाचा सौदा करायला निघालात, असं कधी केलंय? रान चांगलंच असेल हो, पण पान पातळ पडेल त्याचं काय? जपानी खेळाडूंची जुनी म्हण आहे, मोठ्या जागेच्या आधी निकडीची जागा. मी तिचा उत्तरार्ध खाल्ला.

म्हणून मी स्वतः खेळताना आधी मोठी जागा शोधतच नाही. माझ्यात कोण दुबळा आहे, त्याच्यात कोण दुबळा आहे, एवढंच बघतो. दोन्हीकडे कोणी नसेल तरच मोकळी जागा. ती कुठली, हे सुरुवातीला मोजायचं नसतं. नऊ घरं (म्हणजे रेषा एकमेकींना छेदतात त्या जागा) कोपऱ्यात घेरायला 6 खडे पुरतात, कडेला 9 लागतात आणि मधे 12, कारण कोपऱ्यात दोन बाजू पटच सांभाळतो. म्हणून आधी कोपरा, मग कड, मग मध्य.

मोजणी येते ती शेवटाकडं. मी खेळलो तर काय होईल, तो खेळला तर काय होईल, यातला फरक धरायचा. आणि चाल खेळल्यावर पाळी माझ्याकडं राहते का, ते बघायचं. त्याला उत्तर द्यावंच लागलं तर ती सेंते, नाहीतर गोते. सेंते साधारण दुप्पट धरतात, त्यामुळं 4 घरांची सेंते 6 घरांच्या गोतेच्या आधी.

आता एक तक्रार माझीही. "यापुढं प्रत्येक चालीला उत्तर देणार" असं तुम्ही ठणकावलंय. नका देऊ. याच डावात 70व्या चालीला पांढरा डावीकडं खाली पहिल्या रेषेवर खेळला. जेमतेम दोन घरांचा प्रश्न, तुमचा गट पक्का जिवंत, तरी तुम्ही घाईघाईनं उत्तर दिलंत. मध्य मोकळा पडला होता. ती चाल सोडायची होती आणि 32वी धरायची होती. तुम्ही बरोबर उलटं केलंत.

आल्फागो, म्हणजे गो खेळणारा संगणक प्रोग्रॅम, नवशिक्यांच्या लेखात कशाला, असं तुम्ही म्हणालात, ते मात्र मान्य. 2016 साली सोलमध्ये ली सेडोल या कोरियन गो खेळाडूविरुद्ध दुसऱ्या डावात आल्फागोनं पाचव्या रेषेवर खेळलेली 37वी चाल मी त्या लेखात कौतुकानं सांगितली. माणूस ती चाल खेळण्याची शक्यता दहा हजारांत एक, असं त्या यंत्राचंच गणित होतं. नवशिक्यांच्या लेखात तिचं काही काम नव्हतं. मला ती आवडते, म्हणून घातली. काढून टाकतो.

बाजाराला बेळगावात आलात तर या, फळी काढून ठेवतो. 32व्या चालीपासून परत मांडू. पण पांढरे तुम्ही घ्यायचे, आणि मी 33वी डाव्या कोपऱ्यातच खेळणार.