मोजपट्टीवर वाढदिवस

आज सकाळी आमच्या भागातल्या नाल्यावरच्या मोरीशी थांबलो आणि डोकंच सटकलं. मोरीच्या भिंतीवर पाण्याची उंची मोजायची पट्टी आहे, पिवळी, काळ्या आकड्यांची. तिच्यावर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, तारेने आवळून बांधलेला. ऐन पावसाळ्यात! भाऊंचे बत्तीसच्या बत्तीस दात दिसतात, नाला किती चढलाय ते दिसत नाही.

पूर म्हटलं की आपल्या नाशिककरांची मान गोदाघाटाकडे वळते. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. गंगापूर धरणातून किती सोडलं? संपला अभ्यास. मारुतीला नावं ठेवत नाही हं, घाटावरच्या कुठल्याही माणसाला एका नजरेत कळेल असं दुसरं गेज अजून कुणी बनवलेलं नाही. पण तो सांगतो ते गोदावरीचं. दुकानाच्या उंबऱ्याला लागणारं पाणी बऱ्याचदा नाल्याचं असतं. सराफ बाजारवाल्यांना विचारा. तासभर धो धो कोसळला की धरणाचं दार न उघडताही तिथे पाणी तुंबतं. सरस्वती नाला आपण झाकला, पाणी मात्र जुन्याच वाटेने येतं.

हिशोब अगदी साधा आहे. एक चौरस किलोमीटरवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५० हजार घनमीटर पाणी. काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकच्या कृपेने त्यातलं ८० टक्के धावलं असं धरा, ४० हजार. सेकंदाला ११ घनमीटर, म्हणजे ३९० क्यूसेकच्या (सेकंदाला घनफूट) आसपास. नाल्याचं पाणलोट १० चौरस किलोमीटरचं असेल आणि सगळीकडे सारखा कोसळला, तर चार हजार क्यूसेकच्या घरात. एका नाल्यातून! नासर्डी, वाघाडी या गोदावरीला मिळणाऱ्या नद्या अजून मोजल्याच नाहीत.

हो, हो, २००८ च्या सप्टेंबरचा आणि २०१९ च्या ऑगस्टचा पूर नुसत्या नाल्यांनी आला नाही, तिथे धरणाचा विसर्ग होताच. मान्य. पण नदी चढली की नाल्याचं तोंड दाबलं जातं, फुगवटा मागे सरकतो आणि गटाराच्या चेंबरमधून पाणी उलटं वर येतं. त्यासाठीच गटार जिथे नदीला मिळतं तिथे नदीचं पाणी आत येऊ न देणारी लोखंडी झडप असते. तिच्यात एक पाण्याची बाटली अडकली की बोटभर फट राहते, तेवढी पुरते. मेमध्ये बिजागरीला ग्रीस लावायचं, झडप हाताने उचलून सोडायची, खाली नीट बसते का बघायचं. दहा मिनिटांचं काम, पण त्याचं उद्घाटन करता येत नाही ना!

आणि पट्टीचं म्हणाल तर तिला काय परदेशी कंपनी लागते का? मीटरभराचे तुकडे, त्यावर सेंटिमीटरच्या खुणा. पुलाच्या खांबाच्या नाकावर, म्हणजे प्रवाहासमोरच्या बाजूला, लावायची नाही, तिथे पाणी आपटून चढतं आणि आकडा फुगतो. बाजूला, जिथे पाणी सरळ जातं तिथे. शून्य उन्हाळ्यातल्या सर्वांत खालच्या पाण्याच्याही खाली. मग लेव्हल लावून ते शून्य जवळच्या पक्क्या खुणेशी जोडायचं, नाहीतर खालच्या पुलावरचा आकडा आणि वरच्या पुलावरचा आकडा एकमेकांशी बोलतच नाहीत. एरवी नोंद तासाला. पाणी चढायला लागलं की दर १५ मिनिटांनी, कारण धरणाच्या पाण्याची आधी सूचना येते, नाला अर्ध्या तासात अंगावर येतो.

वेग काढायचाय? नारळ घ्या. तो बराचसा पाण्यात बुडून तरंगतो, त्यामुळे वाऱ्याने भरकटत नाही. नाल्याच्या सरळ भागात काठावर एकमेकींपासून ३० मीटरवर दोन खुणा करा, नारळ पहिल्या खुणेच्या जरा वर सोडा, दोन खुणांमधले सेकंद मोजा, तीनदा. काठावरूनच, पाण्यात उतरायचा शहाणपणा नको. २० सेकंद लागले तर वेग सेकंदाला दीड मीटर. पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं म्हणून ०.८५ ने गुणा. मग त्याला रुंदी आणि खोलीने गुणा: नाला ६ मीटर रुंद, दीड मीटर खोल असेल तर जवळपास ४०० क्यूसेक. झालं मोजमाप.

आता सफाईला नाल्यात उतरणाऱ्या माणसांवर राग नाही, आधीच सांगतो. ते बिचारे छातीभर घाणीत उभे असतात. राग याचा की काढलेला गाळ काठावरच ढीग मारून ठेवतात, मृगाच्या पहिल्या सरीला तो परत नाल्यात, आणि बिल मात्र निघालेलं. मोरीच्या पोटाखालून आडवी टाकलेली पाण्याची लाइन, केबल, त्यांना अडकलेल्या साड्या आणि पिशव्या हे कुणाच्या खात्यात येतं ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसेल. जाळी बसवतात, चांगलं आहे. पण तिरकी बसवा, वरून दाताळ्याने ओढता आली पाहिजे. उभी जाळी कचऱ्याने भरली की ती जाळी राहत नाही, बंधारा होतो.

भाऊंवर जास्तच तोंडसुख घेतलं बहुतेक. फ्लेक्स जरा उचलून खाली वाकून पाहिलं, तर पट्टीचा पहिला ठळक आकडा ६० सेंटिमीटरचा. त्याखालचं सगळं गाळात. पट्टी पाण्याची उंची खोटी सांगत नाहीये, पण दोन मीटरच्या मोरीत वाहायला जागा उरलीये एक मीटर चाळीस. दीड मीटरचा आकडा दिसला की खाली खरं पाणी नव्वद सेंटिमीटर, आणि मोरीला छत लागायला फक्त अर्धा मीटर बाकी.

रविवारी सकाळी सातला तिथे येतोय. पक्कड, तारेचा ब्रश आणि कुणाकडे असेल तर लांब दांड्याचं दाताळं आणा. भाऊंचा फ्लेक्स घडी घालून त्यांच्या हापिसात पोचवू, फाडायचा नाही.