एक तारा मिळालेल्या कूलंट सेन्सरबद्दल आमचे उत्तर

माननीय ग्राहक,

रोटरी (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणाऱ्या) विमान इंजिनासाठी आम्ही बनवत असलेल्या, कूलंटचे म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरला अभिप्रायात एकच तारा देताना आपण तीन तक्रारी नोंदवल्या आहेत. आपल्या पत्राला उत्तर द्यायला आम्ही चार दिवस घेतले. विमान उतरवतानाचे दिवे लावले की गेजवरचा आकडा सहा अंशांनी वर चढतो. आणि उकळत्या पाण्यात सेन्सर 97 अंश दाखवतो, म्हणजे तो ‘तीन अंशांनी खोटा’ आहे. पहिल्या तक्रारीबद्दल मनापासून क्षमा मागतो. दुसरीत काही दोष आमचा आहे, त्याविषयी पुढे लिहिले आहे. तिसरी मात्र आम्हाला मान्य नाही, आणि ती आपण सर्वांसमोर मांडली असल्यामुळे तिचे उत्तरही सर्वांसमोर देणे भाग आहे.

पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते, ते समुद्रसपाटीला. आपली धावपट्टी सुमारे 3,000 फूट उंचीवर आहे आणि चाचणी तिथल्याच हँगरमध्ये केली, हे आपणच अभिप्रायाच्या दुसऱ्या ओळीत लिहिले आहे. त्या उंचीवर हवेचा दाब साधारण 910 हेक्टोपास्कल असतो आणि पाणी 97 अंशांच्या आसपासच उकळते. ढोबळ हिशेबाने दर हजार फुटांमागे उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. शिवाय त्या दिवशी हवेचा दाब नेहमीपेक्षा 10 हेक्टोपास्कलने कमी किंवा जास्त असेल, तर आणखी पाव अंशाहून थोडा अधिक फरक पडतो. ज्या आकड्यावरून आपण आमच्यावर खोटेपणाचा ठपका ठेवला, तो आकडा सेन्सर बरोबर असल्याचा पुरावा आहे. त्याने आपल्या हँगरमध्ये 100 दाखवले असते, तर आम्ही स्वतःहून तो परत मागवला असता.

आपण जोडलेल्या छायाचित्राविषयीही थोडे लिहितो. त्यात सेन्सरचे टोक पातेल्याच्या तळाला टेकलेले दिसते. तळ पाण्याहून अधिक तापलेला असतो, त्यामुळे अशा चाचणीत आकडा किंचित वर जाण्याची शक्यता असते. तरीही तो 97 वरच राहिला, याचे श्रेय कोणी आम्हाला द्यावे अशी अपेक्षा नाही, पण निदान उलटा अर्थ तरी काढला जाऊ नये. उंचीचा प्रश्नच नको असेल, तर ठेचलेला बर्फ शुद्ध पाण्यात कालवून त्यात सेन्सर बुडवावा, अधूनमधून ढवळावे आणि आकडा स्थिर होऊ द्यावा. तो शून्यच यायला हवा, धावपट्टी कितीही उंचावर असली तरी. आमच्याकडून बाहेर जाणारा प्रत्येक सेन्सर असाच बर्फात, आणि नंतर 90 अंशांना स्थिर ठेवलेल्या तेलात, संदर्भ-तापमापकाशेजारी ठेवून तपासला जातो. ही तपासणी आम्ही दोघेच करतो आणि एकही नग वगळत नाही. ‘अंदाजे विकतात’ हे आपले वाक्य म्हणूनच लागले.

तीन अंशांची काळजी आपण करता, यात मात्र आपले काहीच चुकत नाही. रोटरी इंजिनात ज्वलन नेहमी हाउसिंगच्या (रोटरभोवतीच्या कवचाच्या) त्याच बाजूला, स्पार्क प्लगांपाशी होते आणि इंधन-हवेचे मिश्रण आत येते ती बाजू तुलनेने गार राहते. ॲल्युमिनियमचे हाउसिंग आणि त्याला दोन्हीकडून आवळणाऱ्या बिडाच्या प्लेटा उष्णतेने सारख्या फुगत नाहीत, आणि त्यांच्यामध्ये कूलंट अडवून धरणाऱ्या रबरी सीलना तो ताण सोसावा लागतो. माझदाच्या 13बीसारखे, मोटारीतून विमानात आलेले इंजिन एकदा जरी वाजवीपेक्षा जास्त तापले, तरी ते उघडण्याची वेळ येऊ शकते. हे ठाऊक असल्यामुळेच आम्ही सेन्सर दोन वायरींचा बनवतो आणि त्याचे विद्युतमंडल इंजिनाच्या धातूपासून वेगळे ठेवतो.

दिवे लावल्यावर आकडा चढण्याचे कारण इथेच आहे. विमानातल्या जुन्या जोडणीत एकच वायर असल्यामुळे सेन्सरची दुसरी वायर आपण कापून इंजिनाच्या अर्थिंगला जोडली, असे आपल्या पत्रावरून कळते. दिवे लागले की अल्टरनेटरकडे परतणारा प्रवाह त्याच अर्थिंगच्या पट्टीतून जातो, गेजची अर्थ आणि इंजिनाची अर्थ यांच्यात किंचित व्होल्टेज उभे राहते, आणि थर्मिस्टरवरचे (सेन्सरमधल्या, तापल्यावर विद्युतरोध कमी होणाऱ्या भागावरचे) व्होल्टेज तेवढे कमी मोजले जाते. गेज त्याचा अर्थ ‘कूलंट तापले’ असा लावतो. एक दशांश व्होल्टचा फरकही आकडा काही अंश हलवायला पुरतो. कूलंट तापलेले नव्हते आणि सेन्सरही बदललेला नव्हता. दुसरी वायर थेट गेजच्या अर्थ टोकापर्यंत नेल्यास हा दोष जाईल. तरीही, आमच्या पत्रकातील आकृतीत दुसरी वायर दाखवलेली असली, तरी ती इंजिनाला जोडू नये असे शब्दांत कुठेही लिहिलेले नव्हते. हे आमचे चुकले आणि पत्रकात ती दुरुस्ती लवकरच करू. पत्रांना उत्तरेही यापुढे अधिक वेळेवर देण्याचा प्रयत्न राहील.

एक गोष्ट बचावासाठी नव्हे, आपल्या सुरक्षिततेसाठी सांगतो. आपण सेन्सर लांब ॲडॉप्टरवर, कूलंटच्या वाटेच्या सर्वांत उंच जागी बसवलेला दिसतो. तिथे हवा साचते, टोक वाहत्या कूलंटपर्यंत पोहोचत नाही आणि बाहेरच्या वाऱ्याने गार होणारा ॲडॉप्टर आकडा खाली ओढतो. कूलंट गळून गेले, तर अशा जागी गेज शांतपणे नेहमीचाच आकडा दाखवत राहील, कारण वाफ किंवा हवा द्रवाइतकी उष्णता टोकापर्यंत पोहोचवत नाही. टोक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या प्रवाहात पूर्ण बुडेल अशी जागा निवडावी आणि जमल्यास कूलंटच्या दाबाचा गेजही बसवावा. तो आम्ही विकत नाही.

आपला अभिप्राय आल्यापासून दोन जणांनी मागणी थांबवली आहे आणि दोघांनीही ‘ते 97 चे काय?’ असेच विचारले. अभिप्राय काढून टाकावा असे आमचे म्हणणे नाही. उत्तराच्या विलंबाबद्दल आणि पत्रकाबद्दल आपण जे लिहिले ते राहू द्यावे. बर्फाची चाचणी करून आलेला आकडा मात्र त्याच अभिप्रायाखाली लिहावा, ही विनंती. तो शून्यापासून एका अंशाहून अधिक दूर असेल, तर वायर कापलेली असली तरी सेन्सर परत घेऊ आणि पूर्ण रक्कम देऊ.

आपला नम्र,
सेन्सर बनवणारा