सोयाबीन पिवळं पडलं की मोझॅकच?

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'सोयाबीन पिवळं पडलं म्हणजे यलो मोझॅक. बुरशीनाशक, फेरस (लोह देणारं खत), 19:19:19 (नत्र-स्फुरद-पालाशचं खत) एकत्र फवारा, आठ दिवसांत पीक हिरवंगार. झाडं उपटू नका. पुढच्या वर्षी बियाण्याची नवी बॅग घ्या, रोग संपला.'

पिवळं म्हणजे मोझॅक? चुनखडीच्या किंवा पाणी साचणाऱ्या रानात पिकाला लोह उचलता येत नाही. मग शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि पट्टाच्या पट्टा एकसारखा दिसतो. यलो मोझॅक हा विषाणूचा रोग, तो असा येत नाही. त्यात एकाच पानावर गर्द पिवळे आणि हिरवे वेडेवाकडे चट्टे असतात; सुरुवातीला एक झाड इथं, दुसरं पाच-सात ओळींपलीकडे. मूळकुजीत झाड पिवळं होत सुकतं, उपटलं की मूळ कुजलेलं दिसतं. 2023 च्या खरिपात विदर्भात मोझॅक आणि मूळकुज दोन्ही होते, तेव्हा हा घोळ फार झाला.

बुरशीनाशकाने विषाणू मरत नाही. विषाणू मारणारं औषधच बाजारात नाही. मग 'माझं हिरवं झालं' म्हणणारे खोटं बोलतात? नाही. त्यांच्या शेतात बहुधा मोझॅक नव्हताच. लोह कमी होतं, फेरस लागू पडलं; किंवा पाऊस उघडला, साचलेलं पाणी निघून वाफसा आला. मेसेजखालचे बरेचसे 'अनुभव' अशाच शेतांतले असणार.

'उपटू नका' हा सल्ला सगळ्यांत महागात पडणारा. पांढरी माशी रोगट झाडाचा रस शोषते आणि विषाणू अंगात घेऊन पुढे अनेक दिवस पसरवत राहते. म्हणून चट्टे दिसताच ती झाडं उपटून गाडा, बांधावर टाकू नका. पिवळे चिकट सापळे लावा. माशी दिसत असेल तर थायामेथोक्झाम 12.6 टक्के अधिक लॅम्ब्डा सायहॅलोथ्रीन 9.5 टक्के हे मिश्र कीटकनाशक एकरी 50 मिली. निम्मं शेत पिवळं झाल्यावर मात्र उपटून उपयोग नाही, तेवढ्यापुरता मेसेज बरोबर.

राहिलं बियाणं. यलो मोझॅक मुख्यतः माशीच आणते, शेजारच्या मूग-उडदावरूनही. बियाण्यातून येतो तो सोयाबीन मोझॅक हा वेगळा विषाणू: पानं सुरकुततात, दाण्यावर तपकिरी-काळे डाग पडतात, पसरवते मावा ही कीड. तेव्हा बॅग नवी आणि वाण तोच जेएस 335 किंवा जेएस 93-05 असेल, तर यलो मोझॅक पुन्हा येऊ शकतो. बदलायचा तो वाण. जेएस 20-29, जेएस 20-69 आणि जेएस 20-98 या रोगाला चांगला प्रतिकार करतात.