खुलासा: मशीनने साफ केल्यामुळे दात हलत नाहीत

‘मशीनने दात साफ करून घेतले की ते सैल होतात, फटी पडतात,’ असा संदेश फिरतो आहे. अनुभव खरा असू शकतो. कारण चुकीचं आहे.

दात सहसा सैल होतो तो भोवतालचं हाड झिजल्यामुळे. हिरडीखाली किटण साचतं, त्यातल्या जंतूंमुळे सूज येते आणि हाड हळूहळू कमी होतं, बहुतेकदा न दुखता. निरोगी हिरडी आणि दात यांमधली खाच १ ते ३ मिलिमीटर खोल असते. ४ किंवा जास्त भरली तर नीट तपासणी हवी. अशा तोंडात कडक किटणच हलत्या दातांना एकमेकांशी जखडून ठेवतं आणि सुजलेली हिरडी फटी झाकते. किटण निघालं, सूज ओसरली, की आधीच झालेलं नुकसान उघडं पडतं. मशीनचं टोक कंपनांनी किटण फोडतं, हाड काढत नाही. उघड्या मुळांना थंड पाणी काही दिवस झोंबतं, तेवढंच.

‘पडला तर इम्प्लांट (हाडात स्क्रू घालून त्यावर लावलेला कृत्रिम दात) बसवू’ हा हिशेबही कच्चा. हिरडीचा आजार तसाच ठेवला तर स्क्रूभोवतीचं हाडही झिजू शकतं. आणि ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवून बसवलेला कृत्रिम दात? त्याला आधाराचे ते दात आधी घट्ट हवेत.