फ्रीजर, टपली, बोर्ड, चेकडिस्क: हार्ड डिस्कच्या घरगुती इलाजांची तपासणी

बंद पडलेल्या हार्ड डिस्कवरचा एक मेसेज वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतोय. त्याचा सारांश असा: डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा; नाही चालली तर कडेला टपली मारा; तरी नाही तर त्याच मॉडेलच्या डिस्कचा बोर्ड (खालची सर्किटची पट्टी) काढून लावा; चालू झाली की चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) मारा.

रोग कोणता हे न विचारता औषधं लिहून दिली आहेत. निदानाची सुरुवात तर नुसत्या कानाने होते. वीज दिल्यावर चिडीचूप असेल तर दोष विजेच्या बाजूला किंवा बोर्डात. बारीक पीं-पीं येते पण फिरत नाही, म्हणजे हेड (डेटा वाचणारा-लिहिणारा बारीक भाग) प्लॅटरला (डेटा असलेल्या फिरत्या चकतीला) चिकटलंय किंवा बेअरिंग जाम आहे. फिरून एका लयीत टक-टक करत असेल तर बहुतेक हेड गेलं. फिरते, दिसते, पण कॉपी मध्येच अडकते, तिथे खराब सेक्टर (डेटा ठेवायचे छोटे कप्पे).

"रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा." जुन्या डिस्कमध्ये काम संपलं की हेड प्लॅटरवरच टेकायचं आणि कधी कधी चिकटून बसायचं. थंडीने धातू आकसून ते एखाद्या वेळी सुटायचं, तिथून ही कीर्ती. आजच्या बहुतेक डिस्कमध्ये हेड प्लॅटरच्या बाहेर उताराच्या पट्टीवर जाऊन बसतं. शिवाय हेलियम भरलेल्या डिस्क सोडल्या तर बाकीच्या हवाबंद नसतात. झाकणावर फिल्टर लावलेलं बारीक छिद्र असतं. गार डिस्क बाहेर काढली की आत दव धरतं. हेड प्लॅटरपासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतं आणि साडेतीन इंची, मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या डिस्कची कड सेकंदाला सुमारे ३५ मीटर धावते. त्या वेगात दवाचा थेंब म्हणजे दगडच. वरचा थर खरवडला गेला की त्या जागेचा डेटा कुठलीच डेटा-रिकव्हरी लॅब परत आणत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळूनही उपयोग नाही, ओलावा पिशवीतल्या हवेतही असतो.

"टपली मारा." चिकटलेलं हेड हिसक्याने सुटलं तर प्लॅटर ओरखडतं, नाही तर स्वतःच तुटतं. पीं-पीं ऐकू आली की वीज काढा. झाकणही उघडू नका.

"त्याच मॉडेलचा बोर्ड लावा." हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त फसवतं. साडेतीन इंची, बाहेरून जोडायच्या डिस्कला १२ व्होल्टऐवजी लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर लावला की वीज-जोडणीजवळचा संरक्षक डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीचा बोर्ड वाचवतो. डिस्क चिडीचूप. असे डायोड सहसा दोन: एक ५ व्होल्टच्या लाइनवर, एक १२ च्या. वीज काढून मल्टीमीटर ओहमवर ठेवा आणि डायोडच्या दोन्ही टोकांना लावा. जवळपास शून्य दाखवलं तर तो उतरवून पुन्हा मोजा. शॉर्ट गेला असेल तर डिस्क बहुधा फिरेल, पण आता तिला संरक्षण नाही. बरोबर अ‍ॅडॅप्टर लावून फक्त डेटा काढून घ्या.

बोर्ड उतरवलाच आहे तर हेडकडे जाणारे संपर्क बघा. काळे पडले असतील तर खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फुकटचा इलाज, आणि कधी कधी तेवढाच पुरतो.

बोर्ड खरंच बदलायचा तर डिस्कचं मॉडेल जुळून भागत नाही, बोर्डावर छापलेला क्रमांक जुळावा लागतो. तोही पुरत नाही. बोर्डावरच्या आठ पायांच्या छोट्या रॉम चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडची मापं असतात. ती चिप हॉट एअरने (सोल्डर वितळवणाऱ्या गरम हवेच्या गनने) उतरवून, एक नंबरच्या पायाची खूण जुळवून नव्या बोर्डावर बसवावी लागते. नाही तर चांगला बोर्ड लावूनही टक-टक. काही बोर्डांवर ही चिप वेगळी नसते, मापं मुख्य चिपमध्येच असतात. तिथे घरी हात घालू नये.

"चेकडिस्क मारा." सगळ्यात जास्त डेटा याने जातो. चेकडिस्क दुरुस्ती करते ती त्याच आजारी डिस्कवर लिहून. फोल्डरची नोंद वाचता आली नाही तर ती नोंदच उडवू शकते, आणि 'आर' पर्याय दिला तर मरायला टेकलेल्या हेडकडून सगळे सेक्टर वाचून घेते.

आधी स्मार्ट आकडे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या क्रमांकवार नोंदी) बघा. ५, १९७, १९८ या क्रमांकांचे आकडे वाढत असतील तर सेक्टर जाताहेत. फक्त १९९ चा वाढत असेल तर संशय केबलवर. ती बदलून आकडा थांबतो का पाहा. सेक्टर जात असतील तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (कॉम्प्युटर त्यावरूनच सुरू करून) डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची कॉपी काढणारा प्रोग्राम चालवा. कॉपी तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर, मॅप फाइल (कुठवर वाचलं याची नोंद) तिसरीकडे. पहिली फेरी 'वजा डी, वजा एन' (-d -n) देऊन: सोपं ते आधी निघतं, हट्टी जागा मागे राहतात. दुसऱ्या फेरीत 'वजा एन' काढून 'वजा आर ३' (-r3), म्हणजे हट्टी जागांवर तीनदा पुन्हा प्रयत्न. कमांडमध्ये आजारी डिस्क आधी, कोरी नंतर. उलटं झालं तर कोरेपणाचीच कॉपी होईल, म्हणून सीरियल नंबर वाचूनच एंटर दाबा. चेकडिस्कची हौस नंतर कॉपीवर भागवा.

मध्येच टक-टक सुरू झाली तर लगेच थांबवून वीज काढा. निघालेला डेटा कॉपीत आहे, आणि कुठवर वाचून झालं ते मॅप फाइलमध्ये. लॅबकडे जाताना दोन्ही सोबत न्या.